एकच बोअर, एकच स्ट्रोक : फोर्डचं टनेल-पोर्ट इंजिन आणि १९६८चा ट्रान्स-ॲम हंगाम

१९६८च्या ट्रान्स-ॲम या अमेरिकी मोटार-शर्यतींच्या मालिकेत तेरा शर्यती झाल्या. त्यांतल्या दहा मार्क डोनोह्यूने रॉजर पेन्स्केच्या टीमच्या निळ्या शेव्हरोले कॅमेरोतून जिंकल्या, आणि त्यातही आठ सलग. फोर्डच्या वाट्याला उरल्या तीन. आदल्या दोन्ही वर्षांचं विजेतेपद फोर्डकडे होतं. पैसा होता, कॅरोल शेल्बीची मुरलेली टीम होती, जेरी टायटससारखा ड्रायव्हर होता आणि खास या मालिकेसाठी तयार केलेलं नवं इंजिनही होतं. ते इंजिनच फोर्डला नडलं.

हे प्रकरण मुद्दाम निवडण्याचं कारण आकड्यांत आहे. फोर्डची मस्टँग आणि कॅमेरो, दोन्हींच्या इंजिनांचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ४.०० इंच आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ३.०० इंच. दोन्ही व्ही-८, दोन्हींत कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये आणि व्हॉल्व्ह पुशरॉडवर (कॅमची हालचाल वर पोचवणाऱ्या दांड्यांवर), दोन्हींचं आकारमान ३०२ क्युबिक इंच म्हणजे सुमारे ४,९४२ सीसी. गाड्यांचा साचा सारखा, ट्रॅक तेच. त्यामुळे एकाचं इंजिन टिकलं आणि दुसऱ्याचं फुटलं, यामागे नक्की काय होतं ते इथे बऱ्यापैकी वेगळं काढता येतं.

नियम काय सांगत होते

ट्रान्स-ॲम म्हणजे अमेरिकेतल्या एससीसीए या संस्थेने १९६६मध्ये सुरू केलेली सेडान गाड्यांची मालिका. पहिली शर्यत सेब्रिंगला झाली आणि ती जिंकली योखेन रिंडने, अल्फा रोमिओ जीटीएमधून. मसल कारच्या इतिहासाची सुरुवात एका इटालियन छोट्या गाडीच्या विजयाने झाली, हे आज ऐकायला गंमतशीर वाटतं. गट दोन होते: दोन लिटरखालचा, आणि दोन ते पाच लिटरचा. मस्टँग, कॅमेरो, कूगर, जॅव्हलिन, फायरबर्ड हे सगळं मोठ्या गटातलं.

पाच लिटर म्हणजे ३०५ क्युबिक इंच. रस्त्यावरच्या मसल कारमध्ये तेव्हा ३९०, ४२७ क्युबिक इंचांची इंजिनं बसत होती. तिथे ताकद हवी असेल तर आकार वाढवायचा, एवढं साधं गणित होतं. इथे आकाराला टोपी घातलेली. मग ताकद मिळवायला दोनच वाटा उरतात: प्रत्येक फेरीत सिलिंडरमध्ये जास्त हवा भरणं, किंवा मिनिटाला जास्त फेऱ्या मारणं. टनेल-पोर्ट हा दोन्ही वाटांवर एकदम धावण्याचा प्रयत्न होता.

गुण फक्त उत्पादकांना मिळत. पहिल्या क्रमांकाला ९ गुण, आणि एका कंपनीची सर्वांत पुढची एकच गाडी धरली जाई. ड्रायव्हरसाठी अधिकृत विजेतेपद १९७२पर्यंत नव्हतंच. म्हणजे टीमच्या दोनपैकी एक गाडी तरी चांगल्या क्रमांकाने शेवटच्या रेषेपर्यंत पोचली पाहिजे. अशा गुणपद्धतीत इंजिन टिकणं हे सर्वांत वेगवान लॅपपेक्षा मोलाचं ठरतं.

१९६७ : फोर्डला धास्ती कशाची वाटली

१९६७मध्ये मस्टँगमध्ये २८९ क्युबिक इंचांचं इंजिन होतं. बोअर ४.०० इंचच, पण स्ट्रोक २.८७. मर्यादेपेक्षा सोळा क्युबिक इंच कमी. त्या इंजिनाचं दुखणं हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरवर बसणाऱ्या व्हॉल्व्हच्या भागात होतं. रस्त्यावरच्या हाय-परफॉर्मन्स २८९मध्येसुद्धा इनटेक व्हॉल्व्ह १.७८ इंचांचा. शेव्हरोलेने मात्र आपल्या ३२७ क्युबिक इंचांच्या इंजिनाच्या ब्लॉकमध्ये २८३चा क्रँक घालून ३०२ बनवलं, त्यावर २.०२ इंच इनटेक आणि १.६० इंच एक्झॉस्ट व्हॉल्व्हची हेड्स बसवली आणि कॅमेरोच्या पर्यायांच्या यादीत झेड/२८ नावाने टाकलं. ही कल्पना शेव्हरोलेच्या व्हिन्स पिगिन्स यांची. कागदावर २९० अश्वशक्ती. खरी किती, हे कंपनीने कधी मोकळेपणाने सांगितलं नाही. १९६७मध्ये अशा फक्त ६०२ गाड्या बनल्या.

त्या वर्षी पेन्स्केची कॅमेरो निम्मा हंगाम ब्रेक आणि हाताळणीशी झगडत होती. पण मार्लबरो, लास व्हेगास आणि केंट या तीन शर्यती डोनोह्यूने जिंकल्याच. विजेतेपद फोर्डने आपल्याच घरच्या मर्क्युरी कूगरपेक्षा अवघ्या दोन गुणांनी राखलं. कॅमेरो सावरत चालली आहे आणि २८९च्या अरुंद हेडमधून आता आणखी काही निघणार नाही, हे डिअरबॉर्नच्या, म्हणजे फोर्डच्या मुख्यालयातल्या इंजिनिअरांना दिसत होतं. निदान बरोबर होतं. औषधाची मात्रा चुकली.

टनेल-पोर्ट म्हणजे काय

पुशरॉडच्या व्ही-८मध्ये इनटेकच्या वाटेला एक नैसर्गिक अडसर असतो. पुशरॉड खालून वर जातात, इनटेक पोर्ट, म्हणजे हवा आत नेणारी वाट, आडवा येतो. पोर्टला रॉडच्या कडेने जावं लागतं, म्हणून तो त्या जागी चिमटला जातो. फोर्डने नॅस्कार या ओव्हल ट्रॅकवरच्या अमेरिकी शर्यतींच्या ४२७ क्युबिक इंची इंजिनासाठी यावर धीट उपाय काढला होता. पोर्ट सरळ, गोल आणि प्रचंड मोठा ठेवायचा आणि पुशरॉड पोर्टच्या मधूनच न्यायचा, एका नळीत घालून. हवा नळीच्या दोन्ही बाजूंनी वळसा घालून जाते. पोर्ट बोगद्यासारखा दिसतो, म्हणून हे नाव.

४२७वर ही युक्ती चालली, कारण नॅस्कारच्या मोठ्या ओव्हल ट्रॅकवर इंजिन तासन् तास एकाच वरच्या पट्ट्यात फिरतं. उतार दिलेल्या वळणांवर ड्रायव्हर ॲक्सिलरेटर फारसा सोडतच नाही. शिवाय ४२७ क्युबिक इंचांची ओढ एवढी की मोठ्या पोर्टमध्येही हवेचा वेग टिकतो.

तीच कल्पना ३०२वर लादली तेव्हा दोन्ही गोष्टी नाहीशा झाल्या. आकारमान सुमारे तीस टक्क्यांनी कमी, आणि ट्रॅक लाइम रॉक किंवा ब्रायरसारखा, जिथे दर काही सेकंदांनी गाडी हळू करायची आणि वळणातून पुन्हा उचलायची. ५,५०० आरपीएमला (मिनिटाला फेऱ्या) मोठ्या पोर्टमधली हवा सुस्तावते, पेट्रोलचे थेंब नीट मिसळत नाहीत, सिलिंडर अर्धवट भरतो. वळणातून निघताना ड्रायव्हर पाय दाबतो आणि इंजिन फक्त आवाज करतं. मग तो काय करतो? एक गिअर खाली राहतो. गाडी पळायला लागते, पण आता सरळ रस्त्यावर सुई ८,०००च्या वर जाते. ते त्याच्या बेफिकिरीमुळे होत नव्हतं. इंजिनाचा कामाचा पट्टाच तिथे होता.

आठ हजारचा हिशेब

३.०० इंच स्ट्रोक म्हणजे ७६.२ मिमी. ७,००० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १७.८ मीटर पडतो, ८,०००ला २०.३. हा फरक फार वाटत नाही. पण रॉड आणि बेअरिंगवरचा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो. ७,०००वरून ८,०००वर गेलं की जडत्वाचा ताण ३१ टक्के वाढतो. ९,०००वर गेलं की ६५ टक्के.

५.१५ इंच लांबीचा कनेक्टिंग रॉड धरला तर वरच्या टोकाला पिस्टनचं त्वरण ७,०००ला सुमारे २,७०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या २,७०० पट) येतं आणि ८,०००ला ३,५०० जी. पिस्टन, रिंगा आणि गजन पिन मिळून ७०० ग्रॅम धरू. म्हणजे ८,०००ला तो रॉड दर फेरीत जवळजवळ अडीच टनांच्या ओढीने ताणला जातो. एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी वरून दाबणारा वायू नसतो, त्यामुळे ही ओढ पूर्णपणे रॉडच्या बोल्टांवर आणि बेअरिंगच्या खालच्या, कॅपकडच्या अर्ध्या पाकळीवर येते. अडीच तासांच्या शर्यतीत सरासरी ६,५००ने इंजिन फिरलं तर क्रँकच्या पावणेदहा लाख फेऱ्या होतात.

इथे एक गैरसमज बाजूला काढायला हवा. फोर्डचा खालचा भाग मुळातच नाजूक होता, असं सहज म्हटलं जातं. टनेल-पोर्टच्या ब्लॉकला मधल्या तीन मेन बेअरिंगवर चार बोल्टांच्या कॅप होत्या. क्रँकच्या रॉड जर्नलचा व्यास फोर्डमध्ये २.१२३ इंच, १९६८च्या शेव्हरोले ३०२मध्ये २.१० इंच, जवळजवळ सारखाच. चार बोल्टांच्या कॅप शेव्हरोलेनेही त्याच वर्षी आणल्या, १९६७मध्ये त्यांच्याकडे दोनच बोल्ट होते. धातू आणि मापं यांत एवढी तफावत नाही की एकाने दहा शर्यती जिंकाव्यात आणि दुसऱ्याने इंजिनं बदलत बसावं. फरक होता तो इंजिन कुठल्या आरपीएमला कामाला लावलं जात होतं यात, आणि त्या आरपीएमला तेल पोचत होतं का यात.

तेल

या गाड्या वेट संपवर धावत. म्हणजे सगळं तेल इंजिनाखालच्या पॅनमध्ये आणि एकच पंप ते उचलणार. रेसिंग टायरवर गाडी वळणात १ जीच्या आसपास बाजूला खेचली जाते. तेव्हा पॅनमधल्या तेलाची पातळी आडवी राहत नाही, ४५ अंशांनी कलते. घाटातल्या एसटीत मांडीवर धरलेल्या डब्यातल्या आमटीचं जे होतं तेच. पिकअपचं, म्हणजे पंपाच्या तेल ओढणाऱ्या नळीचं, तोंड उघडं पडलं की पंप तेलाऐवजी हवा ओढतो. प्रेशर गेजची सुई क्षणभर पडते आणि पुन्हा वर येते. ड्रायव्हरचं लक्ष तेव्हा वळणावर असतं. असे काही झटके सोसले की रॉड बेअरिंगचा वरचा थर निघतो, आणि पुढच्या सरळ रस्त्यावर ८,०००ला रॉड ब्लॉकमधून बाहेर येतो.

आरपीएम वाढल्यावर या दुखण्यात तीन गोष्टींची भर पडते. मेन जर्नलमध्ये आलेलं तेल क्रँकच्या आतल्या छिद्रातून रॉड जर्नलकडे जायला आधी केंद्राकडे ढकलावं लागतं, आणि फिरणारा क्रँक त्याला बाहेर फेकत असतो. म्हणून दर हजार आरपीएमला किमान १० पीएसआय प्रेशर हवं, हा जुना ठोकताळा. दुसरं, जोरात फिरणारा क्रँक पॅनमधलं तेल घुसळून फेसाळ करतो, आणि फेसात बेअरिंग तरंगत नाही. तिसरी गोष्ट हमखास विसरली जाते: वेगवान पंप भरपूर तेल वर हेडकडे पाठवतो, ते तितक्या लवकर खाली परतत नाही. पॅन कोरडा, रॉकर कव्हरं भरलेली.

१९६८च्या फोर्डच्या बिघाडांत तेलाची टंचाई आणि त्यामागून खालच्या भागाचा विध्वंस, हीच तक्रार पुन्हा पुन्हा होती. यावरचे उपाय तेव्हाही अज्ञात नव्हते: पॅनमध्ये झडपांचे कप्पे, क्रँकखाली विंडेज ट्रे (तेल घुसळू न देणारा पत्रा), हेडकडे जाणाऱ्या तेलाच्या वाटेत बारीक छिद्राचे अडसर, पिकअपची जागा बदलणं. यातलं काहीही करायला नवं संशोधन लागत नाही. लागतं ते एवढंच, की फुटलेलं इंजिन ज्याच्या समोर आहे त्याने ते लगेच खोलावं, कुठलं बेअरिंग आधी गेलं ते पाहावं आणि पुढच्या शर्यतीआधी पॅन बदलावा.

इंजिन कोणी खोलायचं

आमच्या मते या प्रकरणाचं मर्म इथे आहे, पोर्टच्या आकारात नाही.

टनेल-पोर्ट इंजिनं फोर्ड कंपनी स्वतः बांधत असे आणि तयार इंजिन शेल्बीच्या टीमकडे पाठवत असे. टीमने ते बसवायचं आणि पळवायचं. खोलायचं नाही, आतले बदल करायचे नाहीत. शेल्बीच्या माणसांनी १९६६ आणि १९६७मध्ये स्वतः तयार केलेल्या गाड्यांवर विजेतेपदं मिळवली होती. त्या माणसांना आता स्पॅनर खाली ठेवायला सांगितलं गेलं. बिघाड दिसे कॅलिफोर्नियाच्या टीमला, ट्रॅकवर. कारण शोधायचं मिशिगनमध्ये, डायनो (इंजिनाची ताकद मोजणारं यंत्र) असलेल्या खोलीत. आणि डायनोवर इंजिन सरळ उभं असतं, वळत नाही. तिथे तेल कलत नाही. तिथे ते वरच्या आरपीएमला सुंदर आकडे देत असणार, आणि त्या आकड्यांवर अविश्वास दाखवायला डिअरबॉर्नकडे कारण नव्हतं.

पेन्स्केची मांडणी उलटी होती. गाडी पेनसिल्व्हेनियात न्यूटाउन स्क्वेअरच्या गॅरेजमध्ये तयार होई, इंजिनं कॅलिफोर्नियात कल्व्हर सिटीच्या ट्रॅको इंजिनिअरिंगमध्ये, म्हणजे जिम ट्रॅव्हर्स आणि फ्रँक कून यांच्या हाताखाली. ट्रॅको कुठल्या मोटार कंपनीचं खातं नव्हतं. त्यांचं पोट इंजिन टिकण्यावर चाले. ड्रायव्हर डोनोह्यू स्वतः ब्राऊन विद्यापीठाचा मेकॅनिकल इंजिनिअर. कुठल्या वळणात प्रेशर पडतं हे तो शब्दांत सांगू शकत होता आणि ऐकणारा माणूस तेच इंजिन खोलणारा होता.

यात एक उपरोध आहे. शेव्हरोलेची मालक कंपनी जनरल मोटर्सने १९६३पासून शर्यतींतून अधिकृतपणे अंग काढून घेतलं होतं. शेव्हरोलेला टीम चालवायला परवानगीच नव्हती. मदत होई ती मागच्या दाराने: स्पेअर पार्टच्या क्रमांकांच्या रूपात, चाचणीच्या मैदानाच्या रूपात, दोन होली कार्ब्युरेटरांच्या क्रॉस-रॅम मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा-पेट्रोल वाटणाऱ्या नळ्यांच्या भागाच्या) रूपात. अधिकृत अधिकार नसल्यामुळे शेव्हरोलेला इंजिनावर कुलूप घालताच आलं नाही. फोर्ड उघडपणे शर्यतीत होती, म्हणून तिने कुलूप घातलं.

हंगाम कसा गेला

सुरुवात फोर्डच्या मनासारखी झाली. डेटोनाच्या २४ तासांत टायटस आणि रॉनी बकनम यांची मस्टँग गटात पहिली आणि एकूण चौथी आली. सेब्रिंगच्या १२ तासांत डोनोह्यू आणि क्रेग फिशरची कॅमेरो एकूण तिसरी, गटात पहिली. तिथून वॉर बॉनेट, लाइम रॉक, मिड-ओहायो, ब्रिजहॅम्प्टन, मेडोडेल, सॅं-जोव्हित, ब्रायर: सगळ्या डोनोह्यूच्या. वॉटकिन्स ग्लेनला टायटसने साखळी तोडली, रिव्हरसाइडला हॉर्स्ट क्वेक मस्टँगमधून जिंकला. या दोन विजयांवरून दिसतं की मस्टँग हळू नव्हती. इंजिन शेवटपर्यंत राहिलं की ती जिंकू शकत होती. हंगाम संपायच्या आतच टायटसने शेल्बीची टीम सोडली आणि तो पाँटिअॅक फायरबर्डकडे गेला.

त्याच हंगामात अमेरिकन मोटर्सच्या जॅव्हलिन फारशा वेगवान नव्हत्या, एकही शर्यत जिंकल्या नाहीत, पण जवळजवळ प्रत्येक वेळी शेवटपर्यंत पोचल्या आणि गुणतक्त्यात फोर्डच्या पाठीला लागल्या. नऊ-सहा-चार-तीन-दोन-एक अशा गुणपद्धतीत नुसतं पोचत राहणं किती मोलाचं आहे, हे त्यांनी दाखवलं.

सगळंच इंजिनावर ढकलणं मात्र अप्रामाणिक ठरेल. पेन्स्केची टीम इतर बाबतींतही पुढे होती, आणि काही बाबतींत नियमांच्या कडेच्या पलीकडे. १९६७च्या एका कॅमेरोची बॉडी त्यांनी आम्लात बुडवून पत्रा पातळ केला होता. वाचलेलं वजन खाली, हवं तिथे शिसं घालून परत आणायचं. ती गाडी १९६८च्या सेब्रिंगलाही धावली. तपासणीला मात्र नियमात बसणारी गाडीच दोनदा गेली, मध्ये फक्त क्रमांक बदलून, असं डोनोह्यूनेच नंतर लिहून ठेवलं आहे. पिटमध्ये ब्रेकचे पॅड बदलताना कॅलिपरचे पिस्टन मागे ओढायला त्यांनी व्हॅक्यूमची सोय केली होती, त्यामुळे लांब शर्यतीत मिनिटं वाचत. या सगळ्यातून काही सेकंद मिळतात. पण समोरच्याचं इंजिन फुटत असेल तर त्या सेकंदांची गरजही पडत नाही.

१९६९ : बॉस ३०२

फोर्डने टनेल-पोर्टची हेड्स टाकून दिली, ब्लॉकचा धडा ठेवला. चार बोल्टांचा तोच मजबूत खालचा भाग, त्यावर फोर्डच्याच ३५१ क्लीव्हलँड इंजिनाच्या धाटणीची हेड्स. यात व्हॉल्व्ह तिरके बसतात, त्यामुळे पोर्टला पुशरॉडच्या मधून जावं लागत नाही आणि उघडलेला व्हॉल्व्ह सिलिंडरच्या भिंतीपासून दूर सरकतो. क्रँक फोर्ज्ड, टॅपेट सॉलिड. हे इंजिन रस्त्यावरच्या गाडीत प्रत्यक्ष विकलं गेलं: १९६९मध्ये १,६२८ बॉस ३०२ मस्टँग बनल्या. टनेल-पोर्टचं तसं कधीच झालं नव्हतं. ग्राहकांच्या हाती गेलेल्या इंजिनाचे दोष लपत नाहीत. १९६९च्या बॉसच्या पिस्टनचे स्कर्ट तडकतात हे थोड्याच काळात सगळ्यांना कळलं.

एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १९६९च्या बॉसचा इनटेक व्हॉल्व्ह २.२३ इंचांचा होता, पोर्टही अवाढव्य. ३०२साठी तो जरा जास्तच मोठा, हे फोर्डने स्वतः मान्य केलं आणि १९७०मध्ये २.१९ केला. म्हणजे मोठा पोर्ट हेच १९६८च्या अपयशाचं एकमेव कारण असतं, तर बॉसही त्याच खड्ड्यात पडायला हवं होतं. ते पडलं नाही.

या वर्षी फोर्डच्या दोन टीम होत्या. शेल्बीची, आणि दक्षिण कॅरोलायनातल्या स्पार्टनबर्गच्या बड मूरची, ज्यात पार्नेली जोन्स आणि जॉर्ज फॉल्मर. मूर नॅस्कारमधला माणूस. आपल्या शॉपमध्ये आपली इंजिनं बांधणारा. पहिल्या पाच शर्यतींपैकी चार मस्टँगने जिंकल्या: मिशिगन, लाइम रॉक, ब्रिजहॅम्प्टन, डॉनीब्रुक. मग सॅं-जोव्हितला फॉल्मरचं इंजिन फुटलं, ट्रॅकवर तेल पसरलं आणि मागून आलेल्या गाड्या त्यावरून घसरून एकमेकांवर आदळल्या. फोर्डच्या गाड्यांचं कंबरडं एका दुपारी मोडलं. त्याच्या आदल्या ब्रायरपासून शेवटपर्यंत सलग सात शर्यती पेन्स्केच्या कॅमेरोंनी नेल्या, सहा डोनोह्यूने आणि केंटची बकनमने.  बकनमने मिड-ओहायो आधीच जिंकली होती. बारापैकी आठ कॅमेरो, चार मस्टँग.

१९७० : पारडं फिरलं

१९७०मध्ये नियम बदलले: चार तोंडांचा एकच कार्ब्युरेटर, आणि मोठ्या इंजिनाचा स्ट्रोक कमी करून पाच लिटरमध्ये बसवायला मुभा. शेल्बी बाहेर, फोर्डचा पैसा आटलेला, उरली एकटी बड मूरची टीम. कंपनीचा हात सैल झाला आणि मूरला मोकळीक मिळाली. त्याने एका कार्ब्युरेटरसाठी छोट्या पेटीचं स्वतःचं मॅनिफोल्ड बनवलं. अकरा शर्यतींपैकी सहा मस्टँगने जिंकल्या, त्यांतल्या पाच पार्नेली जोन्सने आणि ब्रायरची फॉल्मरने. विजेतेपद फोर्डचं.

पेन्स्के आणि डोनोह्यू या वर्षी अमेरिकन मोटर्सकडे गेले होते, आणि तिथे त्यांना नेमकं १९६८च्या फोर्डचं दुखणं भेटलं: जॅव्हलिनच्या इंजिनाला तेल कमी पडत होतं. पहिला विजय मिळायला पाचवी शर्यत, ब्रिजहॅम्प्टन, उजाडावी लागली. पण इंजिनं त्यांच्याच माणसांच्या टेबलावर खोलली जात होती, म्हणून चालू हंगामातच दुखणं आटोक्यात आलं. पुढे रोड अमेरिका आणि सॅं-जोव्हितही त्यांनी जिंकल्या. १९७१मध्ये विजेतेपद जॅव्हलिनने घेतलं.

आज असं ३०२ बांधणाऱ्यासाठी

ऐतिहासिक शर्यतींसाठी अमेरिकेत आजही ही इंजिनं बांधली जातात आणि तीच चूक आजही होते: हेड आधी निवडायचं, तेलाचं नंतर पाहू. क्रम उलटा हवा.

सुरुवात पॅनपासून. कप्पे चारी बाजूंनी हवेत, कारण ब्रेक मारतानाही तेल पुढे धावतं; एकाच बाजूच्या झडपा पुरत नाहीत. पिकअप आणि पॅनच्या तळात ६ ते १० मिमी अंतर ठेवावं; कमी ठेवलं तर पंपाचा घसा आवळला जातो. विंडेज ट्रे बसवल्यावर क्रँक हाताने पूर्ण फिरवून रॉडचे बोल्ट कुठे घासत नाहीत ना ते पाहावं.

फोर्डच्या छोट्या व्ही-८मध्ये तेलाचा पंप डिस्ट्रिब्युटरकडून पाव इंची षटकोनी दांड्याने फिरतो. जास्त तेल ओढणारा पंप बसवला, तेल थंड आणि जाड असताना इंजिन एकदम उचललं, की हा दांडा पिळवटतो किंवा तुटतो, आणि प्रेशर शून्य. कडक केलेल्या पोलादाचा दांडा घालावा. किंमत क्षुल्लक आहे. तेल गरम होईपर्यंत २,५००च्या वर जाऊ नये.

बेअरिंगच्या क्लिअरन्ससाठी जर्नलच्या प्रत्येक इंचामागे एक हजारांश इंच आणि वर अर्धा हजारांश, हा हिशेब धरावा. २.२४९ इंचांच्या मेनला ०.००२७ इंच, २.१२३च्या रॉडला ०.००२६. कमी ठेवलं तर तेल तापतं. जास्त ठेवलं तर प्रेशर राखायला मोठा पंप, आणि मोठा पंप म्हणजे पॅन लवकर रिकामा. रॉडचे बोल्ट टॉर्कच्या आकड्यावर विसंबून आवळू नयेत, ताण मोजून आवळावेत आणि प्रत्येक मोजणी लिहून ठेवावी. पुढच्या वेळी खोलताना बोल्ट एक हजारांश इंचानेही लांबलेला सापडला तर तो फेकून द्यावा.

आरपीएमची मर्यादा डायनोच्या आलेखावर ठरवू नये. टनेल-पोर्ट किंवा बॉसची मोठी हेड्स असतील तर आलेख ८,०००ला मोह घालतोच. गाडीत तेलाच्या प्रेशरची नोंद ठेवणारं यंत्र बसवावं, त्या ट्रॅकच्या सर्वांत लांब वळणातली नोंद पाहावी, आणि प्रेशर जिथे ६० पीएसआयच्या खाली घसरतं तिथलं कारण निघेपर्यंत शिफ्ट लाइट ७,०००वर ठेवावा. फायनल ड्राइव्हचं गुणोत्तरही त्यानुसार निवडावं, म्हणजे सर्वांत लांब सरळ रस्त्याच्या टोकाला चौथ्या गिअरमध्ये इंजिन नेमकं तिथेच पोचेल.